कुठल्या घड्याळाच्या?

रात्रपाळीला मी एकटीच असते.
विनिपेग, उणे एकतीस.
ऑफिसच्या काचेला आतून बर्फ धरलेलं,
चार प्लंबर शहराच्या चार टोकांना
आणि टेबलावर हा एक फोन.

दोन वाजून दहा मिनिटांनी हालदोर सिगुर्डसन.
वय चौऱ्याऐंशी, हे त्यांनी नावाआधी सांगितलं.
"छतातून येतंय. स्वयंपाकघराच्या.
दिव्याच्या कडेनं."
मागे आवाज येत होता,
कुणी मोठ्या सुपात न थांबता तांदूळ पाखडावेत तसा.

त्या दिव्याला हात लावू नका, मी म्हटलं.
माणूस निघालाय, पण त्याला तास लागेल.
तोवर पाणी तुम्हालाच बंद करायचंय.
मेन कॉक कुठे आहे?
"ते आस्दिसला माहीत होतं."
होतं.
तो शब्द मी तिथेच ठेवला आणि पुढचं विचारलं:
रस्ता कुठल्या बाजूला? मग तळघरातली त्याच बाजूची भिंत.
टॉर्च घ्या. पायऱ्या जपून.

मी ते घर कधी पाहिलेलं नाही.
तरी उतरले त्यांच्याबरोबर,
तेरा पायऱ्या, ते मोजत होते,
डावीकडे भट्टी, मग कपडे धुवायचं मशीन,
मग फळी. फळीवर बरण्या.
"चावी बरण्यांच्या मागे आहे, वर तुळईला.
तिनं लाल रंगवलीय. दिसतेय मला."
ढकला बरण्या. पडू देत.
छत खाली येईल, लोलो!
आमच्याकडे आजोबांना म्हणतात ते तोंडून निसटलं.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज.
मग काच, सिमेंटवर. अलगद.
वर पाणी.
पुन्हा काच.
मधेच लांबून, वाचल्यासारखं:
"रुबार्ब, दोन हजार सतरा."
"आलुबुखार. याच्यावर तारीख नाही."
कामावर मी कधी ओरडत नाही.
त्या रात्री ओरडले.
त्यांना ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.
एकोणीस बरण्या. एकही फुटली नाही.

"हं. आता?"
घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा.
"कुठल्या घड्याळाच्या? तिचं तोंड खाली आहे."
अकरा वर्षं हे वाक्य सांगतेय,
असं कुणी विचारलं नव्हतं.
मी कप उचलून डोक्यावर उलटा धरला,
खालून बघत फिरवून पाहिला.
गार कॉफी कोपरापर्यंत बाहीत गेली.
तुम्हाला खालून दिसतं तसंच, म्हटलं. तुमच्या घड्याळाच्या.

"अडलंय."
थोडं उलटं घ्या, मग पुढे. पुन्हा उलटं.
जोर नको. चिकाटी.
कुणीतरी कण्हलं, चावी किंवा ते.
आणि सुपातले तांदूळ विरळ झाले,
मूठभर,
चिमूटभर,
मग एकेक दाणा.

आता सगळ्यात खालचा नळ सोडा,
पाइपात उरलंय ते जाऊ द्या.
ते गेलं. आम्ही दोघांनी ऐकलं.
कॉल इथे संपवायचा असतो.
"तुझं नाव काय?"
मारिविक.
"मारिविक," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ
फक्त त्यांच्या भट्टीची घरघर.

पहाटे वेसची चिठ्ठी आली:
अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप, दोन बोटं चीर.
छताचा तुकडा पडलाय, टेबल गेलं.
खाली पेन्सिलनं:
म्हातारा बरण्या परत लावत होता, बरोबर चावीपुढे.
म्हटलं, इथे नको.
म्हणाला, त्यांची जागाच ती.

घरी पोचले, कोट न काढता खाली गेले.
नऊ वर्षं या घरात राहतेय
आणि आमची चावी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.
रस्त्याकडच्या भिंतीला
इलोइलोला पाठवायचं खोकं, अर्धं भरलेलं:
टॉवेल, साबण, आईसाठी बूट, डबाबंद मांस.
त्याच्यामागे हात घातला.
गार लोखंड बोटांना लागलं.

खोकं हलवावं की नाही,
याचा विचार करत थोडा वेळ तशीच वाकून राहिले.